गुण्याची दुसरी रेघ

हत्यारं अजून बोलत होती त्या काळी, कुठली सुतारशाळा चालू ठेवायची ते काटकोन तपासणारा गुण्या ठरवी. करवतबाईंच्या शाळेतल्या पोरींनी केलेला पाट त्याने तपासला. "कोपरा वाकडा. शाळा बंद!"

छोट्या करवती रडू लागल्या. बाई हळूच म्हणाल्या, "गुण्याभाऊ, फळीच्या काठाला टेकून एक रेघ मारा. मग उलटे होऊन त्याच जागी दुसरी मारा."

रेघा जुळल्या नाहीत. कधीतरी पडून गुण्याच वाकला होता. आजवर बंद केलेल्या शाळा आठवून त्याची मान वर होईना.

त्याला सरळ करायला बाईंनी हातोडीला हाक मारली. "हलकेच ठोक गं. दुखेल त्यांना."

तेव्हापासून कुठल्याही शाळेत गेला, की गुण्या म्हणे, "पोरांनो, अगोदर मला उलटा करून बघा. मग तुमचा पाट दाखवा."