पुन्हा आलेलं भांडं

एकदा एक वृद्ध कल्हईवाला होता. नऊ वर्षांचा असताना ऐकलेला एक आवाज त्याच्या कानांतून कधी गेला नाही. भर दुपारी दाराची कडी बाहेरून तीनदा वाजली, थांबली, आणि मग चपला फरफटत दूर गेल्या. बाहेर त्याचा थोरला भाऊ होता. अफूच्या नादाने घर सोडून गेलेला, तिसऱ्या दिवशी परत आलेला. "कोणी उठायचं नाही," वडील म्हणाले. कोणी उठलं नाही. भाऊ पुन्हा कधी आला नाही.

म्हातारपणी या कल्हईवाल्याकडे सोळा वर्षांचा एक मुलगा शिकायला आला. अशा मुलाचं नाव सांगायला कायद्याची मनाई आहे, आणि ते बरंच आहे. बांधकामांवरच्या तांब्याच्या तारा चोरून तो भंगारात विकायचा. आलेल्या पैशांतून पंक्चरचं सोल्यूशन घ्यायचा आणि रुमालावर ओतून हुंगत बसायचा. बाल न्याय मंडळाने त्याला बंदिस्त गृहात न धाडता सहा महिने म्हाताऱ्याच्या हाती सोपवलं. दर गुरुवारी व्यसनमुक्तीच्या डॉक्टरकडे जायचं, बाकी दिवस भाता चालवायचा. देखरेखीला एक तरुण अधिकारी बाई होत्या.

चार महिने नीट गेले. पाचव्या महिन्यात मुलगा जुन्या मित्रांत गेला, तो दोन दिवस फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. डोळे लाल, मान खाली. म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, "जेवलास का?" आणि जेवण झाल्यावर त्याला डॉक्टरकडे घेऊन गेला.

आठवड्याने अधिकारी बाई एक छापील कागद घेऊन आल्या.

"चाचा, यावर सही करा."

"काय लिहिलंय बेटी? मला एवढी बारीक अक्षरं जमत नाहीत."

"'सुधारणा नाही.' सोमवारी मंडळापुढे ठेवायचाय. मग त्याला आत पाठवतील. मला यात आनंद आहे असं समजू नका."

"नाही समजत. बस, चहा सांगतो."

मुलगा भट्टीपाशी होता. एक मोठा तांब्याचा हंडा त्याने नुकताच कल्हई करून पाण्यात बुडवून काढला होता. आतून तो चांदीसारखा लखलखत होता.

"झाला का रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"झाला."

"मग सुंद्राबाईंच्या खानावळीत पोचव. एकटाच जा."

मुलाने आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. डोक्यावर चुंबळ ठेवली, हंडा घेतला आणि निघाला.

तो वळणाआड गेला आणि बाई उठूनच उभ्या राहिल्या. "चाचा! तांबं चोरणाऱ्याच्या डोक्यावर तांबं दिलंत? वाटेवर भंगारवाला बसतो!"

"बसतो ना. माझी फुटकी भांडी तोच तर नेतो."

"आणि हा नाही परत आला तर?"

"तर सही करीन. वर अंगठाही देईन."

बाईंना हसू आलं नाही. म्हातारा भाता थांबवून त्यांच्याजवळ बसला आणि सावकाश बोलू लागला.

"बेटी, सुंद्राबाईंचा तो हंडा चाळीस वर्षं माझ्याकडे येतो. सहा-सात महिन्यांनी कल्हई उडते. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, माणसाला बाधतं. ते काही मी नाकारत नाही. पण म्हणून त्या बाईने हंडा मोडीत काढला नाही. घासायचा, तापवायचा, नवसागर टाकायचा, पुन्हा कथील फिरवायचं. उडाली म्हणजे पहिली कल्हई खोटी होती, असं नसतं. तेवढे महिने तिने अन्न राखलंच ना? या पोराने चार महिने राखले. आणि एक सांगतो. भांडं बिचारं कोणीतरी उचलून आणावं लागतं. हा आपल्या पायांनी आला. माझा भाऊसुद्धा असाच आला होता. मी तेव्हा लहान होतो, कडीपर्यंत हात पोचत होता, पण उठलो नाही."

चहा आला. त्यावर साय धरली. बाई रस्त्याकडे बघत राहिल्या. म्हातारा विझत चाललेल्या भट्टीतली राख उगाच खालीवर करत होता.

बऱ्याच वेळाने वळणावर चुंबळ दिसली. चुंबळीवर पुन्हा एक भांडं होतं, काळंकुट्ट.

मुलाने ते खाली ठेवलं. "सुंद्राबाई म्हणाल्या, हे पातेलंही घेऊन जा. आणि हंड्याच्या काठाला कथील नीट बसलं नाही म्हणाल्या."

"बसलं नाहीच," म्हातारा म्हणाला. "मी बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्या बोलणारच होत्या. चल, घासायला चिंच आण."

मुलगा खाली बसून पातेलं घासू लागला. अधिकारी बाईंनी पर्समधून पेन काढलं. 'सुधारणा नाही' या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं : 'स्वतःहून परत आला.' लिहिलेलं म्हाताऱ्याला वाचून दाखवलं आणि त्याखाली त्याची सही घेतली. मग कागदाची घडी घातली, गार झालेला चहा एका घोटात संपवला, पायरीवरच्या चपला पायांत सरकवल्या आणि चालू लागल्या.