येणाऱ्या गाडीचा आवाज

“मग हा कुणाचा आवाज हाय, सांगा की!”

अकलंकनं इंजिन बंद केलं आणि गाडीचं दार असं आपटलं की शेडचा पत्रा थरथरला.

दस्तगीर वस्ताद गाडीमागं उकिडवे बसले होते. हातात पाना होता. ते सायलेन्सरकडं बघत होते, अकलंककडं नाही.

“गाडीचा,” ते म्हणाले.

“गाडीचा हाय ते मला बी कळतंय. माझ्या दादाचा हाय का?”

वस्तादांनी पान्यानं सायलेन्सरवर एक टिचकी मारली.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या मागच्या गल्लीत त्यांची शेड होती. पाटी नव्हती, आणि लागतही नव्हती. वस्तादांनी पन्नास वर्षं सायलेन्सर केले. आधी ट्रकचे केले, मग बुलेटचे. आता म्हातारपणी लोक त्यांच्याकडं अशा गाड्या घेऊन येत की ज्यांचं नाव त्यांना नीट उच्चारता येत नसे. नावाशी त्यांना कामही नव्हतं. ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, तिसऱ्या नळीत दुखतंय.

अकलंक सकाळीच इचलकरंजीहून आला होता. गाडी निळी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली. ती त्याच्या थोरल्या भावाची होती. सन्मती नाव त्याचं. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी सन्मती उंबऱ्यावर बूट घालायला बसला. एक बूट घातला. दुसरा हातातच राहिला. छत्तीस वर्षांचा होता.

त्यानंतर अकलंकनं त्या गाडीला तीन सायलेन्सर बसवून बघितले. पुण्याचा झाला, मुंबईचा झाला, बेंगळुरूच्या माणसानं तर कॉम्प्युटर लावून आवाजाचा आलेख काढून दिला. तो आलेख अकलंकनं त्याच्यासमोर फाडला. मूळचा सायलेन्सर डिकीत चादरीत गुंडाळून ठेवला होता. आज सकाळी वस्तादांनी तोच परत बसवला.

आणि तरीही हा तो नव्हता.

“कुणीतरी वाट लावली याची,” अकलंक म्हणाला. “आत हात घातला असणार. तुमी बी तसलेच. नाव मोठं आणि...”

“बोल की, थांबलास का?”

“काही न्हाई.”

वस्ताद हसले. “बस त्या डब्यावर. चहा सांगू?”

“चहा प्यायला आलो न्हाई मी.”

“बरं.”

वस्ताद स्वतः डब्यावर बसले. फडक्यानं एकेक बोट पुसत म्हणाले, “सांगलीचे एक डॉक्टर येतात माझ्याकडं. त्यांना घुमणारा आवाज लागतो, पण दवाखान्याच्या आवारात नको. त्यांना बटण बसवून दिलं. दाबलं की वाघ, सोडलं की मांजर. एकाला पाय उचलला की लवंगी माळ लावल्यासारखं फटफट पाहिजे. एकाचं म्हणणं, सासुरवाडीत दोन गल्ल्या आधी कळलं पाहिजे, जावई आला. आणि एक पिकल्या केसांचे गृहस्थ... म्हणाले, वस्ताद, आवाज एवढा करा की शेजारी बसलेली बायको काय म्हणते ते ऐकू येऊ नये.”

अकलंकच्या तोंडावरची माशीही हलली नाही.

“मी त्यांच्यातला न्हाई.”

“ते बी असंच म्हणतात.”

“माझ्या दादानं आठ महिने लावले ही गाडी ठरवायला!” अकलंकचा आवाज चढला. “जेवताना मोबाईल ताटाशेजारी. चाकं कसली घ्यायची, सीटची शिवण कुठल्या रंगाची, छत काचेचं का साधं. सगळं मला विचारायचा. मी नववीत शाळा सोडली, मला काय कळतंय? तरी मलाच विचारायचा. अक्या, सीटचा पट्टा पिवळा घेऊ का लाल? मी म्हटलं, पिवळा. बघा जावा आत, पिवळाच हाय.”

“बघितला. चांगला हाय.”

“शोरूमवाला म्हणाला, साहेब, बारा स्पीकरचं गाण्याचं मशीन सगळेच घेतात. दादा म्हणाला, ते राहू दे, त्याच्या बदली तो जास्त पैशाचा, घुमणारा सायलेन्सर द्या. मला गाणी नकोत, मला हीच ऐकायची.”

“म्हणजे कान होता.”

“होता.”

त्या ‘होता’नंतर वस्तादांनी फडक्याची घडी घातली.

“तुला नेमका कसला आवाज पाहिजे?” वस्तादांनी विचारलं. “तोंडानं करून दाखव.”

“तोंडानं?”

“लाजू नको. डॉक्टरसुद्धा करून दाखवतात.”

अकलंकनं तोंड उघडलं. घशातून काहीतरी खरखरीत निघालं. त्यानं मान हलवली, पुन्हा प्रयत्न केला. यावेळी काहीच निघालं नाही. तो तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला आणि मग त्याच्या डोळ्यांत भीती दिसली.

“येत होता,” तो म्हणाला. “पहिल्या महिन्यात येत होता. झोपेतनं उठवलं असतं तरी करून दाखवला असता. आता रोज थोडा थोडा पुसला जातोय, वस्ताद. दादाचे फोटो हायत, कपडे हायत, पण हा आवाज कुठंच न्हाई. हा बी गेला तर...”

त्यानं गाडीच्या टपावर तळहात टेकला.

वस्तादांनी फडकं बाजूला ठेवलं.

“तो असताना बसायचास का गाडीत?”

“न्हाई.”

“एकदा बी?”

“मी आमच्या यंत्रमागावर असतो दिवसभर. फिटिंग बघतो. अंगावर रुई, हात तेलानं बरबटलेले. आणि आतल्या सीटा बघितल्या का? दुधासारख्या. तो म्हणायचा, बस की रं, पुसून घेऊ. मी म्हणायचो, आंघोळ करून येतो.”

“मग?”

“मग मीच उशीर करायचो.”

“का?”

“लाज वाटायची.”

बाहेर गल्लीत कुणीतरी पत्रा ओढत नेला. त्याचा कर्कश आवाज लांब गेला.

“मग तू हिला ऐकलीस कुठनं?”

“मागावरनंच. बेचाळीस माग चालतात आमचे. शेजारचा बोंबलला तरी कळत न्हाई, हातवाऱ्यांनी बोलावं लागतं. तरी ती गाडी कोपऱ्यावरनं वळली की मला कळायचं. कसं, ते विचारू नका. मला कळायचं.”

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले. मग उठले आणि हात पुढं केला.

“किल्ली दे.”

“कशाला?”

“दे.”

“न्हाई. दादा गेल्यापासून ही गाडी माझ्याशिवाय कुणी चालवली न्हाई.”

“मग घेऊन जा परत.”

“म्हातारपणी हौस आली का हो कोटीची गाडी फिरवायची?”

“आली असंल.”

वस्तादांचा हात तसाच पुढं होता. काळा, भेगाळलेला, अंगठ्याचं नख फुटलेलं. अकलंकनं किल्ली मुठीत आवळली. एकदा गाडीकडं बघितलं. पुणं झालं, मुंबई झाली, बेंगळुरू झालं. आता जायला ठिकाण राहिलं नव्हतं.

त्यानं किल्ली त्या हातावर आपटली.

“ओरखडा आला तर बघा.”

“बघीन की. आणि तू रिकामा बसू नको.”

वस्तादांनी शिकंज्यात एक पाइप आवळला, त्याच्या हातात कानस दिली. “कड घास. आतनं, बाहेरनं. बोट फिरवलं तर टोचता कामा नये.” मग जाता जाता त्यांनी कोपऱ्यातला जुना कॉम्प्रेसर चालू केला. धडधड धडधड करत त्यानं सगळी शेड भरून टाकली.

गाडी निघून गेली.

पहिल्यांदा अकलंकचा जीव रस्त्यावरच होता. म्हातारा गिअर कसा टाकतोय, कुठं ठोकतोय, सगळा जीव कानात. पण कॉम्प्रेसरनं ते कान बुजवून टाकले. मग त्यानं रागारागानं कानस ओढायला सुरुवात केली. राग पाइपाला काय कळणार? पाइप आपल्या चालीनंच घासला जातो. हळूहळू हाताला लय आली. कामाची सवय असलेला हात असाच असतो, मालकाचं दुःख त्याला धरून ठेवता येत नाही. अकलंकनं बोट फिरवून बघितलं. एका जागी टोचलं. तेवढीच जागा पुन्हा घासली. पुन्हा बोट फिरवलं...

किती वेळ गेला, त्याला कळलं नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदाच असं झालं होतं.

आणि मध्येच हात थांबला.

का थांबला, ते त्याला समजेना. कॉम्प्रेसर धडधडतच होता. पण शिकंज्यातला पाइप बोटाखाली बारीक गुणगुणत होता. मग त्या धडधडीच्या खालून, कुठूनतरी लांबून, काहीतरी जड आणि गोल वळून आलं. थोडं दबलं. मोकळं झालं. जवळ आलं.

अकलंकनं कानस टाकली. हात पॅन्टला पुसले, पुढून पुसले, मागून पुसले. तो दाराकडं धावला होता हे त्याला दारात पोचल्यावर कळलं. तोंडभर हसू होतं. ओठांवर ‘दा’ आलेला होता.

निळी गाडी गल्लीत शिरली आणि शेडसमोर थांबली. दार उघडलं.

आतून एक पाय बाहेर आला. मग दुसरा. मग गुडघ्यावर हात टेकत, काजळीनं माखलेल्या बनियनातला, पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा हळूहळू बाहेर आला.

अकलंकच्या तोंडावर ते हसू क्षणभर तसंच राहिलं. मग तो वळला, आत गेला आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

वस्तादांनी कॉम्प्रेसर बंद केला.

एवढी शांतता झाली की इंजिन थंड होतानाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

“काय झालं?” वस्तादांनी विचारलं.

“काही न्हाई.”

“आवाज?”

“तोच...” अकलंकचे खांदे हलायला लागले. “तोच होता. काय केलंत तुमी त्याला?”

“काही न्हाई. नाक्यापर्यंत गेलो, परत आलो.”

अकलंक बराच वेळ रडला. वस्तादांनी त्याला थांबवलं नाही. पाठीवर हात ठेवला नाही, पाणी दिलं नाही. डब्यावर बसून राहिले.

मग अकलंकनं बाहीनं नाक पुसलं. एकदम त्याच्या अंगात जोर आला. तो तसा होताच, मनात आलं की झालं.

“आता हात लावू नका त्याला. असाच राहू दे. मला कळलं कसं करायचं ते. मी चालवतच न्हाई. ड्रायव्हर ठेवतो. रोज संध्याकाळी तो गाडी घेऊन कोपऱ्यावरनं वळंल, मी मागावर उभा राहीन...”

वस्ताद हसले नाहीत.

“घरात आणखी कोण असतं?”

“आई. वहिनी. दादाची पोरगी, समता. सात वर्षांची हाय.”

“दादा गेल्यावर तू पहिल्यांदा ही गाडी घेऊन घरी गेलास, तेव्हा ती पोर काय करत होती?”

अकलंकनं भिंतीचा पोपडा नखानं खरवडला.

“सांग की, बाळ.”

“पळत आली बाहेर,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “एका पायात चप्पल, एक पाय मोकळा. तीन दिवस आली तशी. रोज.”

“आणि?”

“मी उतरलो. मला बघितलं. मग आत गेली... आणि भिंतीकडं तोंड करून बसली.”

त्याचं स्वतःचं तोंड अजून भिंतीकडंच होतं.

“चौथ्या दिवशी?”

“चौथ्या दिवशी मी सायलेन्सर बदलून आणला. तिचं ते पळत येणं बघवंना.”

“मग आली बाहेर?”

“न्हाई.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “त्यानंतर आलीच न्हाई.”

वस्ताद उठले. पाना उचलला. गाडीच्या मागं जाऊन पहिल्यासारखे उकिडवे बसले आणि वाट बघू लागले.

“अकलंक, ठेवू का काढू?”

अकलंक वळला. त्यानं सायलेन्सरकडं बघितलं, वस्तादांकडं बघितलं. ठेवा म्हणायला तोंड उघडलं, मिटलं. काढा म्हणायला उघडलं, तेही मिटलं.

“तुमीच सांगा, वस्ताद.”

वस्तादांनी खिशातून किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. हलकेच ठेवली, आपटली नाही.

“आवाज ठेवतो मी. संध्याकाळी पोर पळत बाहेर येईल... तेव्हा गाडीतनं कोण उतरणार, ड्रायव्हर का तिचा काका, तेवढं सांग.”