टेम्पोत कोण चढणार?

रणदिवे साहेबांच्या गळ्यात शिट्टी आणि हातात घड्याळ, त्यामुळे सहलीतल्या पंधरा सायकलस्वारांना सकाळपासून उसंत म्हणून नव्हती. किल्ल्यात दहा मिनिटं, बागेत पाच! कुमुदिनीबाईंनी पाण्याची बाटली उघडली, तोच शिट्टी वाजली.

"बाई, दर वेळी तुम्हीच मागे. आता नियमच करतो. यापुढं जो शेवटी पोचेल, त्याची सायकल टेम्पोत!"

बाईंनी जीव खाऊन पायडल मारलं. पण फाट्यावर दोन वाटा दिसल्या, तशा त्या उतरल्या आणि शेळ्या राखणाऱ्या म्हातारीला पुढच्या थांब्याची, जुन्या बारवेची वाट विचारू लागल्या. मागून येणारा टेम्पोही थांबला. साहेब मात्र सगळ्यांना घेऊन उसातल्या चिंचोळ्या वाटेनं सुसाट गेले होते.

पंधरा मिनिटांनी सगळे घामाघूम होऊन परतले. वाट कालव्याशी संपली होती. सायकली जागच्या जागी वळवाव्या लागल्या, त्यामुळे सर्वांत पुढचे साहेब सर्वांत मागून आले.

"अजून इथंच? चढा टेम्पोत!" ते धापा टाकत ओरडले.

"साहेब, बारव डावीकडं आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि बारवेच्या वाटेवर मी सगळ्यांच्या आधी पोचले. शेवटी कोण पोचलं, ते तुमच्याच घड्याळात बघा."

ड्रायव्हरनं साहेबांच्या सायकलीसाठी टेम्पोचा मागचा फाळका पाडला.