न हलणारं कमळ

शाळेत एकच संगणक असायचा, त्या काळची ही गोष्ट. त्या संगणकात एक चिमुकला पंखा राहत होता. पडद्यावर चित्रं काढणाऱ्या कार्डाला वारा घालायचा, एवढंच त्याचं काम. कार्डाने किती जोर लावायचा, ते ड्रायव्हर नावाचा संगणकातलाच एक प्रोग्रॅम सांगायचा. तो कारखान्यातून आलेल्या चिठ्ठीबाहेर पाऊल टाकत नसे. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘सदैव पूर्ण जोर.’

सुट्टी लागली, पण संगणक बंद करायचा राहून गेला. पडद्यावर दिवसभर एकच कमळ, तेही न हलणारं. तरी कार्ड तापायचं आणि पंखा धापा टाकत गरगरायचा.

“ड्रायव्हरदादा, कमळ काही पळून जात नाही! जरा दमानं घ्या ना. माझं कंबरडं मोडलंय.”

“कुणी चिठ्ठी बदलली, तर लगेच दमानं घेईन रे.”

“पण ती बदलता येते, हे इथे कुणाला ठाऊक आहे?”

ड्रायव्हरने चिठ्ठी पुन्हा एकदा वाचून पाहिली.

चौथ्या दिवशी पंखा थांबला. कार्ड इतकं तापलं, की पडदा काळा झाला.

शाळा उघडल्यावर बाईंनी नवा पंखा बसवून घेतला. कमळ पुन्हा दिसलं. नव्या पंख्याने हौसेनं विचारलं, “दादा, आज फार मोठं काम आहे का हो?”

ड्रायव्हरने मान खाली घातली आणि तीच चिठ्ठी उलगडली.