खुंटीवरची घुंगरं

बैलाच्या जागी नुकतीच वीज आली होती, त्या काळची गोष्ट. गेनबाच्या रसवंतीत नवी मोटर बसली. चरकाला बांधलेल्या घुंगरांना ती पहिल्याच दिवशी वैतागली. "रसाचा एक थेंब काढत नाहीत, नुसती कटकट. काढून टाका यांना."

गेनबाने घुंगरं खुंटीला टांगली.

तीन दिवस माणसं मान न वळवता रस्त्याने निघून गेली. ऊस वाळला. मोटर चरकावर खेकसली, "मी मरमर फिरतेय. तू करतोस काय?"

"अगं बाई, ऊस मी पिळतो," चरक कावून म्हणाला, "पण तहानलेल्यांना बोलावत कोण होतं?"

चौथ्या दिवशी गेनबाने घुंगरं पुन्हा बांधली. बाकडी भरली. मोटर आता घुंगरांवर डाफरली, "जोरात वाजा की. रस्त्याच्या पलीकडच्या कडेचे तसेच चाललेत."