पाचव्या उद्गाराचं पाणी

‘‘मग किसन काय म्हणाला?’’ चर्चच्या पाळकबाबांनी विचारलं.

‘‘काय म्हणणार? चहा तसाच ठेवला आणि उठून गेला. तेव्हापासून रस्त्यात दिसला तरी मान फिरवतो.’’

सुबोध अमोलिक शाळेत मास्तर होता. वचनं तोंडपाठ, गळा गोड, आणि दोन्हींची त्याला पुरेपूर जाणीव. किसन ढाकणे त्याचा लंगोटीयार. त्याची सहा वर्षांची पोर हिवाळ्यात तापाने गेली होती.

‘‘त्याने विचारलं काय होतं?’’

‘‘म्हणाला, तुमचा देव मेला आणि पुन्हा उठला म्हणतोस, ते कशावरून? आणि उठला असंल तर माझ्या पोरीचं काय?’’

‘‘तू काय सांगितलंस?’’

‘‘सांगितलं की, कोकऱ्याच्या रक्ताने धुतल्याशिवाय हे कळायचं नाही. नुसता विश्वास ठेव.’’

‘‘मग?’’

‘‘विचारतो कसा, कोकरू कुणाचं?’’

पाळकबाबा हसले नाहीत. कोकरू म्हणजे येशू, हे किसनला कुठून ठाऊक असणार? हसण्यासारखं होतं, पण ज्याची पोर गेली त्याने ते विचारलं होतं.

‘‘बाबा, उलटसुलट प्रश्नांना उत्तरं देत बसणं हे वकिलांचं काम,’’ सुबोध म्हणाला. ‘‘विश्वास आत असावा लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? माझा आड भरलेला आहे. ज्याला हवं त्याने यावं.’’

पाळकबाबांनी घड्याळाकडे बघितलं.

‘‘बाराला उपासना आहे. जा, रांजण भर,’’ ते म्हणाले.

तो उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे होता. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर त्या दिवशी सात जण बोलतात. पाचवा उद्गार तहानेचा. या चर्चमध्ये रीत अशी, की पाचव्यावर जो बोलणार, त्याने आधी आवारातल्या विहिरीचं पाणी स्वतःच्या हाताने शेंदून फाटकाजवळचा रांजण भरायचा. जाणाऱ्या-येणाऱ्याने ते प्यावं, मग तो कुणी का असेना. गावच्या पाणवठ्यावर या ख्रिस्ती लोकांना कुणी उभं करत नसे, त्या काळी सुबोधच्या आजोबांनी चार माणसं हाताशी धरून ही विहीर खणली होती. आता घरोघर नळ आले. विहिरीला पोहरा लागतो तो वर्षातून या एका दिवशी.

पाचवा उद्गार यंदा पहिल्यांदाच सुबोधच्या वाट्याला आला होता. महिनाभर तो गावाला हेच सांगत होता.

तो विहिरीवर गेला. पोहरा कठड्यावर होता. दोर नव्हता. शोधाशोध करून तो घामाघूम होऊन परत आला.

‘‘बाबा, दोर कुठाय?’’

‘‘विहिरीत पाणी आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘नक्की?’’

‘‘आत्ता डोळ्यांनी बघून आलो की!’’

‘‘मग भर रांजण.’’

सुबोधला राग आला. म्हाताऱ्याचं डोकं उन्हाने फिरलं की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. तो तणतणत फाटकाकडे निघाला.

फाटकात किसन उभा होता. रानातून आला असावा, पाय धुळीने भरलेले. त्याने रांजणावरचं झाकण उचललं, आत बघितलं.

‘‘पाणी न्हाई व्हय रं?’’

इतक्या दिवसांनी तो बोलला होता.

‘‘आहे की... विहिरीत आहे.’’

‘‘हिरीत हाय ते मलाबी ठावं हाय,’’ किसन म्हणाला. ‘‘लहानपणापासनं बघतोय.’’

त्याने झाकण जागेवर ठेवलं आणि तो जायला वळला.

‘‘थांब किसन, जाऊ नको! आलोच मी.’’

सुबोध धावत परत आला. पाळकबाबा खुर्चीत तसेच बसले होते. त्यांच्या पायाशी, धोतराच्या सोग्याआड, दोराचं वेटोळं होतं.

‘‘द्या बाबा. तो तहानलेला उभा आहे.’’

पाळकबाबांनी दोर दिला.

दोर नवा होता. दर चार-पाच वर्षांनी चर्चची मंडळी नवा दोर आणते आणि दुकानात जुन्याला लावून मोजून घेते. दोर बदलतो, माप बदलत नाही. ते माप विहीर खणली तेव्हाचं.

सुबोधने पोहऱ्याला गाठ मारली आणि दोर सोडला. आधी भराभर, मग जपून. शेवटचं टोक मुठीत आलं. तो कठड्यावर पालथा पडला, हात खांद्यापर्यंत आत घातला. दोन वर्षं पावसाने डोळे वटारले होते, यंदा पाणी तळाला गेलं होतं. पोहरा पाण्याच्या वर अधांतरी लोंबत राहिला. खाली पाणी चकाकत होतं, आणि तो ते बघत होता.

मागे पावलं वाजली. किसन गेला नव्हता. तो आला, कठड्याला टेकला आणि आत डोकावला. घाई काही दिसली नाही त्याची. उपरण्याने तोंड पुसत तो वाट बघत राहिला.

पाळकबाबाही काठी टेकत येऊन उभे राहिले. चर्चमध्ये पहिली घंटा झाली.

सुबोधने मान वर केली. वचनं तोंडपाठ असलेल्या त्या माणसाचा आवाज रडवेला झाला होता.

‘‘बाबा... दोर पुरत नाही.’’

पाळकबाबांनी एकदा किसनकडे बघितलं, एकदा विहिरीत.

‘‘तुझ्या आजोबांना पुरत होता,’’ ते म्हणाले.