समुद्राने तोडलेलं राजाचं नाक

शंखबंदरच्या मानाजीराजांचं नाक आषाढातल्या एका उधाणाला तुटलं. चेहऱ्यावरचं नव्हे, ते शाबूत होतं. तुटलं ते डोंगरावरचं. महालासमोर समुद्रात घुसलेला एक कडा होता आणि तो थेट महाराजांच्या चेहऱ्यासारखा दिसतो, असा शोध कुणा खुशमस्कऱ्याने लावला होता. तेव्हापासून महाराज रोज सकाळी गच्चीत बसून स्वतःचं दर्शन घेत.

पण लाटांना दरबारी रीत कुठली ठाऊक! त्यांनी आधी नाकाच्या बुडाशी कपार पाडली. कपारीची गुहा झाली. राजवैद्य म्हणाले, "नाकपुडी आली, आता कसं सजीव वाटतं!" गुहा आरपार पोखरून कमान झाली, तेव्हा राजकवीने कमानीवर कवन रचलं. शेवटी कमानीचं छप्पर कोसळलं आणि नाकाचा शेंडा कड्यापासून सुटून पाण्यात एकटाच सुळक्यासारखा उभा राहिला. मधे ही एवढी फट.

महाराजांचं जेवण सुटलं. दिवाण नारोपंतांनी फटीत दगड-चुना भरून पाहिला. भरतीने तो धुऊन नेला. पुन्हा भरला, पुन्हा गेला. मग दिवाणांनी दिवाणांना साजेसं काम केलं, म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलं.

"महाराज, कोळ्यांच्या होड्या जाता-येता लाटा उठवतात. त्यांनीच नाक झिजवलं."

ऐन हंगामात, कार्तिकात हुकूम सुटला. आठ दिवसांत नाक जागेवर आलं पाहिजे. तोवर एकही होडी पाण्यात उतरायची नाही, आणि नाक आलं नाही तर नवव्या दिवशी कोळीवाडा उठवायचा.

कोळीवाड्यात चांगुणा नावाची बाई होती. नवरा गेल्यावर ती स्वतः होडी घेऊन समुद्रात जाई आणि दोन लेकरांचं पोट भरी. होडी अडकली, आता घरही जाणार, हे ऐकून तिचं टाळकंच फिरलं. तिसऱ्या दिवशी ती तडक दरबारात येऊन उभी राहिली.

"महाराज, नाक हाय तिथंच हाय. तुमची बसायची जागा चुकलीय."

नारोपंत कसेबसे म्हणाले, "बाई, महाराजांची जागा चुकते?"

"दिवाणसाहेब, भर समुद्रात मासा कुठं मिळंल, त्याची खूण काय पाण्यावर करता येते? किनाऱ्यावरचं देऊळ आनि मागचा डोंगर एका रेषेत आला की आमी जाळं टाकतो. रेघ जुळली नाय तर डोंगराला शिव्या नाय देत. होडी सरकवतो."

"मग आम्ही कुठे सरकायचं?" महाराजांनी विचारलं.

"आमच्या वाड्यात. बोंबील वाळतात तिथं."

पालखी कोळीवाड्यात आली. बांबूंवर बोंबलांच्या माळा लटकत होत्या. दरबाऱ्यांनी तोंडाला उपरणी लावली. चांगुणा महाराजांना बिनधास्त हुकूम सोडत होती, "अजून दहा पावलं. जरा डावीकडं. हां, बसा आता."

महाराज पाटावर बसले आणि बघतच राहिले. इथून सुळका कड्याला अगदी चिकटून दिसत होता. फट गायब! महाराजांनी स्वतःचं नाक चिमटीत गच्च धरलं होतं, त्यामुळे दोन्ही नाकं ताडून पाहणं कुणालाच जमलं नाही. तरी सगळे एका सुरात म्हणाले, "हुबेहूब!"

नारोपंत तेवढे गप्प बसेनात. "आणि उद्या लाटांनी हा सुळकाही खाल्ला तर?"

"खातीलच की," चांगुणा म्हणाली. "तवा तो कडा दिवाणसाहेबांसारखा दिसंल. त्याला त्यांचं नाव द्या."

नारोपंतांचा हात नकळत आपल्या बसक्या नाकाकडे गेला. महाराज एवढ्या जोरात हसले की चिमूट सुटली, बोंबलांचा वास भस्सकन आत गेला आणि हसता हसता त्यांना सात शिंका आल्या.

त्याच भरतीला होड्या सुटल्या. महाराजांचं नाक जिथून दिसतं ती जागा मोडायची कशी? म्हणून कोळीवाड्याचा एक दगडही कुणी हलवू नये, अशी सनद चांगुणाच्या हातात पडली. आणि रोज सकाळी बोंबलांच्या माळांखाली पाटावर बसून नाक जागेवर आहे की नाही हे पाहून येण्याचं मानाचं काम महाराजांनी नारोपंतांना दिलं.